कल्पना चावला आणि दोन चौकशा

आपल्याकडे शाळेत वेशभूषा स्पर्धा असली की एखादी मुलगी नारिंगी पोशाख घालून कल्पना चावला होते. भाषणात जन्म, अंतराळ आणि अपघात एवढे येते. त्यांच्या वाट्याला आलेल्या दोन चौकशांबद्दल मात्र कोणी बोलत नाही. आजच्या मुलींना त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

कल्पना यांचा जन्म १९६२ मध्ये कर्नालचा. हे शहर आज हरियाणात आहे, तेव्हा ते पंजाबात होते. वडील फाळणीनंतर इकडे आलेले, शून्यातून व्यवसाय उभारणारे. गावात फ्लाइंग क्लब होता, डोक्यावरून छोटी विमाने जात. टागोर बाल निकेतनमध्ये शिकून त्या चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात गेल्या आणि विमान अभियांत्रिकी मागितली. दुसरी शाखा घे, असा सल्ला मिळाला. त्या हटल्या नाहीत. १९८२ मध्ये पदवी घेऊन त्या अमेरिकेत गेल्या, १९८८ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातून पीएच.डी. झाल्या आणि नासाच्या एम्स केंद्रात विमानाभोवतीच्या हवेच्या प्रवाहावर संशोधन करू लागल्या. डिसेंबर १९९४ मध्ये अंतराळवीर म्हणून निवड झाली.

१९ नोव्हेंबर १९९७ रोजी कोलंबिया यानातून त्या अंतराळात गेल्या. भारतात जन्मलेली ही पहिली अंतराळवीर महिला. याच मोहिमेत यांत्रिक हाताने स्पार्टन हा उपग्रह सोडण्याचे काम त्यांच्याकडे होते. उपग्रह नीट सुरू झाला नाही, परत पकडताना तो गरगरू लागला. शेवटी दोन सहकाऱ्यांनी यानाबाहेर जाऊन तो हातांनी पकडला. बोट सर्वप्रथम कल्पना यांच्याकडे गेले. पण नासाने चौकशी केली, तेव्हा संगणक प्रणालीची मांडणी आणि यानातील चमू व जमिनीवरील नियंत्रण कक्ष यांच्या ठरलेल्या कार्यपद्धती यांतच दोष आढळले. कल्पना यांच्यावरचा ठपका दूर झाला आणि पुढे त्यांची दुसऱ्या मोहिमेसाठी निवडही झाली.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया पुन्हा झेपावले. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरील फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. अभियंत्यांना शंका आली. पंखाची छायाचित्रे लष्करी साधनांनी घ्यावीत, अशी मागणी त्यांनी केली. वरिष्ठांनी ती पुढे नेली नाही. असा फोम आधीही सुटला होता, काही बिघडले नव्हते, म्हणून धोका सवयीचा झाला होता. काळजीचे कारण नाही, असे यानालाही कळवण्यात आले. सोळा दिवस कल्पना आणि सहा सहकारी सुमारे ८० प्रयोग करत राहिले. १ फेब्रुवारीला परतताना पंखाच्या भगदाडातून तप्त वायू आत शिरला. उतरायला अवघी १६ मिनिटे उरली असताना टेक्ससच्या आकाशात यानाचे तुकडे झाले. सातही जण गेले.

ऑगस्ट २००३ मध्ये दुसऱ्या चौकशीचा अहवाल आला. फोमइतकीच नासाची कार्यसंस्कृतीही जबाबदार असल्याचे त्यात नोंदवले गेले. खालच्या माणसाची शंका वर पोहोचत नव्हती, हे त्यातले सार.

समाजकार्य करताना मला हे दोन्ही अहवाल एकत्र वाचावेसे वाटतात. सौंदडसारख्या गावातून गोंदियाला शिकायला गेलेली मुलगी नापास झाली, की घर आणि गाव दोघेही तिलाच दोषी ठरवतात. बस वेळेवर येते का, वसतिगृहात जागा आहे का, शिष्यवृत्ती कधी जमा झाली, हे कोणी तपासत नाही. पहिल्या प्रसंगात नासाने व्यवस्था तपासली, म्हणून एक कर्तबगार स्त्री टिकली. दुसऱ्या वेळी शंका वेळीच तपासली नाही, त्याची किंमत सात जिवांनी मोजली.

भारताने हवामान उपग्रहाला कल्पना-१ हे नाव दिले. त्यांनी स्वतः मात्र हयातीतच एक सोय करून ठेवली होती. १९९८ पासून दरवर्षी उन्हाळ्यात त्यांच्या कर्नालच्या शाळेतले दोन विद्यार्थी नासा पाहायला जाऊ लागले. मुलांच्या गुणवत्तेवर त्यांचा विश्वास होता. वाट करून देणे हे मोठ्यांचे काम, हे त्यांना स्वतःच्या अनुभवातून माहीत होते.