सेनापती तात्या टोपे

पांढुर्ण्याच्या वायव्येस, सातपुड्याच्या पठारावर मुलताई वसले आहे. तापीच्या या उगमस्थानी स्नानासाठी पांढुर्णा-सौंसर परिसरातील भाविक पिढ्यानपिढ्या जात आले आहेत. त्याच तीर्थावर नोव्हेंबर १८५८ मध्ये एक मराठी सेनापती थकल्याभागल्या सैन्यासह येऊन थांबला होता, याचे स्मरण मात्र थोड्यांनाच असते. तो सेनापती म्हणजे रामचंद्र पांडुरंग ऊर्फ तात्या टोपे.

तात्यांचा जन्म १८१४ च्या सुमारास नाशिक जिल्ह्यातील येवल्याचा. वडील दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, बाजीराव गंगाकाठी ब्रह्मावर्तास गेले आणि त्यांच्यामागोमाग टोपे कुटुंबही गेले. पुढे तात्या नानासाहेबांचे विश्वासू सहकारी झाले.

१८५७ च्या नोव्हेंबरात त्यांनी कानपूर येथे जनरल विंडहॅमच्या फौजेस मागे रेटले. झाशीच्या मदतीस धावले असता बेतवेकाठी त्यांचा पराभव झाला. तरी १ जून १८५८ रोजी ग्वाल्हेर हस्तगत झाले. त्याच महिन्यात राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या आणि ग्वाल्हेरही हातचे गेले. येथे दुसरा कोणी शरण गेला असता. तात्यांनी गनिमी काव्याचा आश्रय घेऊन राजपुताना व माळव्यात अनेक इंग्रज सेनापतींना दमवून सोडले.

ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस रावसाहेब पेशव्यांसह त्यांनी नर्मदा ओलांडली. पेशव्यांच्या नावाने दक्षिण उठेल, ही त्यांची आशा होती. सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख भोसल्यांच्या राज्यातला आणि ते राज्य १८५४ मध्येच खालसा झालेले. तेव्हा ही आशा निराधार नव्हती. परंतु नागपुरातील घोडदळाचा १३ जून १८५७ चा उठावाचा बेत फसला होता. पुढाऱ्यांना फाशी झाली, शस्त्रे काढून घेण्यात आली आणि राजघराण्यातील बाकाबाईंनी आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले होते. नागपूरची वाट इंग्रजी फौजांनी अडविली. मुलुख उठला नाही. आपली भाषा बोलणाऱ्या प्रदेशाच्या उंबरठ्यावरून तात्या मेळघाटाकडे वळले.

त्यानंतरही पाच महिने ते लढत राहिले. ७ एप्रिल १८५९ च्या रात्री ज्याचा आश्रय घेतला त्या मानसिंगानेच त्यांना पकडून दिले. १८ एप्रिल रोजी शिप्री, म्हणजे आजचे शिवपुरी, येथे त्यांना फाशी देण्यात आली.

तात्यांची निष्ठा पेशव्यांच्या गादीवर होती. आज आपण ज्याला राष्ट्र म्हणतो, ती कल्पना तेव्हा पुरती आकारास आलेली नव्हती. म्हणून त्यांच्या त्यागाचे मोल कमी होत नाही. उलट एक कठोर सत्य त्यातून उमगते. एकट्या वीराच्या बलिदानाने देश स्वतंत्र होत नाही. त्याच्या हाकेला ओ देणारी माणसे लागतात. १८५८ मध्ये भयाने गप्प राहिलेल्या आपल्या पूर्वजांना दोष देणे सोपे आहे. परंतु याच सातपुड्यातील गोंड-कोरकू बांधव १९३० च्या जंगल सत्याग्रहात निर्भयपणे उतरले, हेही विसरता येणार नाही. ओ उशिरा आली, पण आली. आणि तात्यांच्या मृत्यूनंतर ८८ वर्षांनी देश स्वतंत्र झाला.

मुलताईस तापीचे दर्शन घेताना वाचकांनी या सेनापतीलाही मनोमन एक ओंजळ वाहावी, एवढीच विनंती.