धर्मशाळांचे निर्माते श्री संत गाडगेबाबा

महाराष्ट्रातील तीर्थक्षेत्री जाणाऱ्या भाविकांना पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक आदी ठिकाणी श्री गाडगे महाराजांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धर्मशाळा पाहावयास मिळतात. या वास्तू उभारणाऱ्या सत्पुरुषाने स्वतः मात्र आयुष्यभर कोणत्याही छपराखाली आपले बिऱ्हाड थाटले नाही.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी विदर्भातील अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. मद्यपानाच्या व्यसनापायी वडिलांचा अकाली अंत झाला आणि मातोश्री सखुबाई लहानग्या डेबूस घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आपल्या माहेरी आल्या. तेथे डेबूजींनी गुरे राखली, शेती केली. शाळेचे तोंड त्यांना पाहावयास मिळाले नाही. सावकाराच्या कर्जात मामांची जमीन कशी गेली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ऋण काढून सण करू नये, अडाणी राहू नये, दारूस शिवू नये हा त्यांच्या कीर्तनाचा पुढील काळातील विषय येथेच घडला असे म्हणावयास हरकत नाही. सन १८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. कन्येच्या बारशास मद्य-मांसाचे जेवण देण्याची जातीची रीत मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले, तेव्हा आप्तेष्ट रुष्ट झाले होते.

दि. १ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि फुटक्या मडक्याचे खापर, एवढाच त्यांचा संसार उरला. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. एखाद्या गावी आले की ते प्रथम रस्ते व गटारे झाडू लागत. मिळेल ती भाकरी खापरात घेत, आणि रात्री त्याच गावी कीर्तन करीत. त्यांचे कीर्तन प्रश्नोत्तरांचे असे. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत व उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. मध्ये गोपालनामाचा गजर होई.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. पौष महिन्यात तेथे यात्रा भरते. नदीवर उतरण्याची सोय नसल्याने यात्रेकरू चिखलात घसरत. बाबांनी तेथे स्वतः माती वाहण्यास प्रारंभ केला. लोक त्यांच्या मागोमाग कामास लागले आणि सन १९०८ च्या सुमारास तेथे घाट तयार झाला. याच यात्रेत अंध, पंगू व महारोग्यांना पंगतीस बसवून अन्न व वस्त्र देण्याचा प्रघात त्यांनी पाडला. लोकवर्गणी व श्रमदान यांतून सार्वजनिक काम उभे करण्याची त्यांची पद्धत येथे दिसून येते.

पंढरीची स्थिती याहून बिकट होती. आषाढी-कार्तिकीस लक्षावधी वारकरी येत. ज्यांच्यापाशी भाड्यास पैसा नाही त्यांना चंद्रभागेच्या वाळवंटात किंवा लोकांच्या ओसरीवर रात्र काढावी लागे, आणि आषाढ हा पावसाचा महिना. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना तर पैसा असूनही कोणी थारा देत नसे. ज्या विठ्ठलासाठी ते पायी येत त्याच्या मंदिरातही त्यांना सन १९४७ पर्यंत प्रवेश नव्हता. बाबा स्वतः पंढरपुरास येत, वाळवंट झाडीत, कीर्तन करीत, परंतु मंदिरात जात नसत. दर्शनापेक्षा निवाऱ्याचा प्रश्न त्यांना अधिक निकडीचा वाटला. सन १९२० च्या सुमारास त्यांच्या प्रयत्नाने पंढरपुरात मराठा धर्मशाळा आणि चोखामेळा धर्मशाळा या वास्तू उभ्या राहिल्या. पुढे आळंदीस परीट समाजाची धर्मशाळा झाली, नाशिक येथे गोदातीरी मोठी धर्मशाळा व अंध-अपंगांसाठी सदावर्त सुरू झाले, आणि मूर्तिजापूर येथे धर्मशाळा व गोरक्षण संस्था झाली. ज्ञातीवार धर्मशाळा आज कोणास खटकतील. तथापि त्या काळी ज्यांना इतरत्र कोठेही दार उघडत नव्हते, त्यांना हक्काचे दार मिळणे हीच मोठी गोष्ट होती.

एवढा पैसा आला कोठून, असा प्रश्न साहजिकच पडतो. बाबा पैशास हात लावीत नसत. कीर्तनात ते धर्मशाळेची निकड सांगत. देणाऱ्याने रक्कम त्या कामाच्या पंचांकडे द्यावी, अथवा चुना, लाकूड, धान्य असे जे लागेल ते परस्पर पोहोचते करावे, असा त्यांचा परिपाठ होता. ज्यांच्यापाशी काहीच नसे ते अंगमेहनत देत. मुंबईचे धनिक आणि खेड्यातील शेतमजूर एकाच कामास हातभार लावीत. बाबा बहुधा बांधकामाच्या जागी झाडाखाली मुक्काम करीत. वास्तू पूर्ण झाली की ती विश्वस्तांच्या स्वाधीन करून ते पुढील गावी निघत.

या संस्थांत स्वतःच्या कुटुंबीयांचा कोणताही हक्क त्यांनी राहू दिला नाही. कुंताबाई झोपडीत राहिल्या. सार्वजनिक संस्थेचा कारभार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना या निश्चयातील कठीणपणा सांगावयास नको. त्यासाठी घरच्यांनी जे सोसले त्याची नोंद चरित्रग्रंथांत थोडकीच आढळते. सन १९२३ मध्ये एकुलता एक पुत्र गोविंद पिसाळलेला कुत्रा चावल्याने मरण पावला. कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता ही वार्ता बाबांना कळली, परंतु त्यांनी कीर्तन थांबविले नाही.

शिक्षणाविषयी त्यांना विलक्षण ओढ होती. पंढरपूर येथील चोखामेळा धर्मशाळेची वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस वसतिगृहासाठी देऊन टाकली. यात्रेच्या चार दिवसांपेक्षा वर्षभर मुले तेथे शिकावीत, हा त्यामागील हेतू स्पष्ट दिसतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांशीही त्यांचा निकटचा स्नेह होता.

उतारवयात त्यांचे लक्ष मुंबईतील एका निराळ्या यात्रेकडे गेले. खेड्यापाड्यांतून रुग्णाला घेऊन आलेले नातलग जे. जे. रुग्णालयाबाहेर पदपथावर झोपत. तेथेच चूल मांडीत. त्यांच्यासाठी सन १९५४ मध्ये रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली. तत्पूर्वी सन १९५२ मध्ये सर्व संस्थांच्या एकत्र व्यवस्थेसाठी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली होती. बाबांच्या पश्चात दादर येथेही धर्मशाळा उभी राहिली असून टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारांसाठी येणारे रुग्ण व त्यांचे आप्त तेथे अल्प खर्चात उतरतात.

प्रकृती खालावलेली असताही दि. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी बाबांनी मुंबईत वांद्रे येथे कीर्तन केले. ते त्यांचे अखेरचे कीर्तन ठरले व त्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यानंतर ते विदर्भात परतले. दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच त्यांची प्राणज्योत मालवली. अमरावती शहरात गाडगेनगर येथे त्यांचे समाधी मंदिर असून पुण्यतिथीस तेथे मोठ्या संख्येने भाविक जमतात.