अर्न्स्ट माख : आरोपाचीही कसोटी घेणारा शास्त्रज्ञ

लढाऊ विमान ‘मॅक २’ वेगाने उडाले, असे आपण बातम्यांत वाचतो. मॅक २ म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेग. हे माप ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते अर्न्स्ट माख आपल्या तरुणांना ठाऊक असावेत, असे आम्हाला वाटते.

माख यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८३८ रोजी ऑस्ट्रियन साम्राज्यातील मोराविया प्रांतात झाला. लहानपणी ख्रिस्ती मठाच्या शाळेने त्यांना बुद्धिहीन ठरवले. मग वडिलांनी घरीच शिकवले. मुलगा सुतारकामही शिकला. हाच मुलगा पुढे प्राग येथे २८ वर्षे भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता.

१८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात सैनिकांच्या जखमा इतक्या भयंकर होत्या, की स्फोटक गोळ्या वापरल्याचा आरोप झाला. गोळीपुढे दाबली गेलेली हवाच ही इजा करत असावी, असा दुसरा तर्क होता. माख यांनी तो तपासायला घेतला. १८८६ मध्ये त्यांच्या सूचनेनुसार पीटर साल्खर यांनी विजेच्या ठिणगीच्या प्रकाशात उडत्या गोळीचे फोटो घेतले. गोळी ध्वनीपेक्षा वेगवान असेल, तरच तिच्यापुढे हवेचा शंकूसारखा तरंग दिसला.

या तरंगाचा कोन गोळीचा वेग आणि ध्वनीचा वेग यांच्या गुणोत्तरावर ठरतो. ध्वनीचा वेगही सगळीकडे सारखा नसतो. १५ अंश सेल्सिअसला तो तासाला सुमारे १२२५ किलोमीटर असतो, तर ११ किलोमीटर उंचीवरच्या थंड हवेत सुमारे १०६२. म्हणून नुसता वेग सांगून भागत नाही. माख १९१६ मध्ये वारले. या गुणोत्तराला त्यांचे नाव याकोब आकेरेट यांनी १९२९ मध्ये दिले.

१८९८ मध्ये माख यांना अर्धांगवायू झाला. तरीही १९०१ मध्ये, कोळसा खाण कामगारांचे कामाचे तास कमी करणाऱ्या विधेयकाला मत देण्यासाठी ते त्याच अवस्थेत संसदेच्या वरिष्ठ सभागृहात गेले.

‘मी’ नावाची कायमची वस्तू नाही, तो संवेदनांचा बदलता समूह आहे, असे ते मानत. अनात्मवाद जाणणाऱ्या आपल्याला हा विचार परका नाही. पण अणूंचे अस्तित्व त्यांनी दीर्घकाळ नाकारले आणि तिथे ते चुकले. म्हणून माख यांचीही पूजा नको. समोर आरोप आला, की तो पसरवण्याआधी तपासायचा, एवढी सवय त्यांच्याकडून घेऊ या.