चित्रकलेची डिग्री नव्हती, पण गोव्याच्या या गड्याने कॅफेच्या भिंतीवर अख्खी मुंबई बसवली

हल्ली तालुक्याच्या गावात जरी नवा कॅफे उघडला तरी मालक दोन गोष्टी आधी ठरवतो. मेन्यूत चीज सँडविच आणि सेल्फीसाठी एक रंगवलेली भिंत. पुण्या-मुंबईत तर याच्याही पुढची तऱ्हा. चार दिवसांसाठी कॅफेतच कार्टूनचं प्रदर्शन लागतं, त्याला पॉप-अप आर्ट शो म्हणतात. खात खात चित्रं बघायची, रील बनवायचं आणि निघायचं. चार दिवसांनी भिंत पुन्हा कोरी.

पण मुंबईत एक कॅफे असा आहे, जिथे भिंतीवर चढलेली कार्टून्स तिथेच मुक्कामाला राहिली.

कुलाबा कॉजवेवर, रीगल सिनेमापासून हाकेच्या अंतरावर कॅफे मोंडेगार आहे. १९३२ साली इराणी हॉटेल म्हणून सुरू झालेली ही जागा. आत गेलं की समोरासमोरच्या दोन भिंती माणसांनी गच्च भरलेल्या दिसतात. एका भिंतीवर मुंबईचं रोजचं जगणं, दुसरीवर कॅफेतली मैफल. बटाट्यासारखे डोळे, लांबलचक नाकं, ठिपक्यांचे फ्रॉक, टेबलाखाली कुत्रा.

या चित्रांचा बाप म्हणजे मारिओ मिरांडा.

मारिओंचा जन्म २ मे १९२६ चा, दमणमधला. तेव्हा दमण आणि गोवा दोन्ही पोर्तुगिजांकडे होते. त्यांचं घराणं मात्र सासष्टीतल्या लोटली गावचं. तिथे मिरांडांचा शेकडो वर्षं जुना वाडा आहे. श्याम बेनेगल यांचा १९८५ चा त्रिकाल सिनेमा बघितला असेल, तर हा वाडा तुम्ही बघितला आहे, कारण त्याचं शूटिंग तिथेच झालं होतं.

एवढ्या मोठ्या घरात भिंतींना काय तोटा? छोट्या मारिओंनी त्यांच्यावरच चित्रं काढायला सुरुवात केली. दुसरी आई असती तर पाठीत धपाटा बसला असता. या आईने पोराच्या हातात एक कोरी वही दिली आणि जे काढायचं ते यात काढ, असं सांगितलं. मारिओ त्या वहीला डायरी म्हणायचे.

तिथून सवय लागली. दिवसभरात कोण भेटलं, कुठे लग्न झालं, चर्चबाहेर कोण कुणाशी भांडलं, सगळं चित्रात उतरायला लागलं. शाळेत त्यांनी पाद्रीबाबांचीच चित्रं काढली, त्यामुळे बोलणीही खाल्ली. मित्रांना पोस्टकार्डवर चित्रं काढून द्यायची आणि चार पैसे मिळवायचे, हा त्यांचा पहिला धंदा.

शिक्षण मात्र सगळ्या मध्यमवर्गीय घरांत होतं तसंच झालं. बंगळुरूच्या सेंट जोसेफमध्ये शाळा, मग मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून इतिहासात बीए. डोक्यात सरकारी अधिकारी व्हायचं होतं. त्यानंतर घरच्यांच्या आग्रहाखातर आर्किटेक्चरला प्रवेश घेतला, पण तिथे मन रमलं नाही. शेवटी जाहिरातीच्या स्टुडिओत नोकरी धरली आणि तिथे चार वर्षं काढली.

त्या काळात चित्रं काढून पोट भरता येतं, यावर घरच्यांचा विश्वास बसणं अवघड होतं. त्यातही कार्टून म्हणजे तर पेपरचा कोपरा भरायची गोष्ट. पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणार आणि चित्रही त्याच्यासोबत जाणार. गॅलरीत फ्रेम लावून टांगतात ते चित्रकार, बाकीचे नुसते रेघोट्या मारणारे, असाच समज होता.

मारिओंना वाट सापडली ती इलस्ट्रेटेड वीकलीमुळे. तिथे त्यांची चित्रं छापून आली आणि पाठोपाठ करंट या साप्ताहिकाने त्यांना काम दिलं. मग टाइम्स ऑफ इंडियाचं दार उघडलं.

गाडी रुळावर आली असं वाटत असतानाच त्यांनी ती सोडली. पोर्तुगालच्या गुलबेंकियन फाउंडेशनची स्कॉलरशिप मिळाली आणि ते वर्षभरासाठी लिस्बनला गेले. तिथून पुढे लंडन गाठलं आणि पाच वर्षं तिथेच काम केलं. जे कॉलेजात शिकले नव्हते ते या वर्षांत दुसऱ्यांची कामं बघत शिकले.

ते परदेशात असतानाच, १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. पोर्तुगीज राजवटीतलं ते जुनं गाव, तिथले जमीनदार, पाद्री, पाव विकणारा पोदेर, तियात्राचा गोंधळ हळूहळू बदलणार होता. पण मारिओंच्या डायऱ्यांत ते सगळं आधीच जाऊन बसलं होतं. १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या डायऱ्या नंतर पुस्तकरूपाने आल्या. त्या काळचा गोवा रोजच्या रोज कसा जगत होता, हे आज त्यात बघायला मिळतं.

लंडनहून मारिओ पुन्हा मुंबईत आले आणि टाइम्सच्या इमारतीत दाखल झाले. तिथे आर. के. लक्ष्मण आधीपासून होते. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन रोज सकाळी राजकारण्यांची फिरकी घ्यायचा. मारिओंनी वेगळा रस्ता धरला. त्यांचं लक्ष ऑफिसात, पार्टीत, बसच्या रांगेत आणि हॉटेलच्या टेबलावर असायचं.

यातूनच त्यांची पात्रं आली. ऑफिसातली सेक्रेटरी मिस फोन्सेका आणि सिनेमातली तारका मिस निंबूपानी घरोघरी पोचल्या. बंडलदास नावाचे एक पुढारीही होते. आता मराठी माणसाला बंडल शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

१९७४ मध्ये अमेरिकन सरकारच्या माहिती खात्याच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेला गेले. स्नूपी आणि चार्ली ब्राऊनला जन्म देणारे चार्ल्स शुल्झ यांना तिथे भेटले. पुढे २२ पेक्षा जास्त देशांत त्यांची प्रदर्शनं लागली. म्हणजे गॅलरीचं दार त्यांच्यासाठीही उघडलं होतं.

तरीही सामान्य माणसाला मारिओ भेटले ते गॅलरीत नाही, कॅफेत.

यामागे इराणी हॉटेलचा स्वभाव समजून घ्यायला हवा. इराणहून आलेल्या झोरोस्ट्रियन लोकांनी मुंबईच्या नाक्यानाक्यांवर ही हॉटेलं टाकली. चहा आणि बनमस्का स्वस्त, आणि बसायला कुणालाही जागा. गिरणी कामगार, वकील, कॉलेजची पोरं, टॅक्सीवाला सगळे शेजारी-शेजारी. नेमकं हेच मारिओंच्या चित्रात असतं. त्यांच्या गर्दीत हिरो कुणी नसतो. साहेब जेवढी जागा घेतो तेवढीच जागा वेटर आणि मांजरही घेतं.

म्हणूनच मोंडेगारच्या भिंतीवर ही चित्रं आली तेव्हा ती बाहेरून आणून चिकटवल्यासारखी वाटली नाहीत. खाली बसलेलं गिऱ्हाईक आणि वर काढलेलं गिऱ्हाईक यात फारसा फरक नव्हताच. चित्र कळत नाही म्हणून लाजायचं कारण नाही, तिकीट नाही, आणि हळू बोला असं सांगणारा पहारेकरीही नाही. एका ऑर्डरच्या पैशात प्रदर्शन फुकट. रद्दीत जाणारी कला म्हणून जिला हिणवलं गेलं, ती पेपरपेक्षा भिंतीवर जास्त टिकली.

उतारवयात मारिओ पत्नी हबीबा यांच्यासोबत लोटलीच्या वाड्यात राहायला गेले. १९८८ मध्ये पद्मश्री आणि २००२ मध्ये पद्मभूषण मिळालं. ११ डिसेंबर २०११ ला त्याच घरात त्यांनी शेवटचा श्वास घेतला. जन्माने कॅथलिक असूनही त्यांच्या इच्छेप्रमाणे मडगावला त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. पुढच्याच वर्षी पद्मविभूषण जाहीर झालं, पण ते घ्यायला मारिओ नव्हते.

त्यांच्या विखुरलेल्या कामाला एकत्र आणायची मेहनत आर्किटेक्ट जेरार्ड दा कुन्हा यांनी घेतली. हजारो चित्रं जमा केली, पुस्तकं काढली, गोव्यात पर्वरीला मारिओ गॅलरी उभी केली. २ मे २०१६ ला, नव्वदाव्या जयंतीला, गुगलनेही मारिओंच्या गर्दीचं डूडल केलं.

आज गोव्याहून येणारा माणूस त्यांचा मग किंवा फ्रिजवर लावायचा मॅग्नेट घेऊन येतो. बऱ्याच जणांना चित्र ओळखता येतं, नाव माहीत नसतं.

त्यामुळे पुढच्या वेळी कुलाब्याला गेलात, तर मोंडेगारमध्ये फोटो काढायच्या आधी पाच मिनिटं त्या भिंतीकडे नीट बघा. कोपऱ्यातलं एखादं पात्र तुमच्या शेजारच्या टेबलावर बसलेलं सापडेल. आणि जमलं तर घरातल्या पोराने भिंतीवर रेघोट्या मारल्या की लगेच ओरडू नका, एक कोरी वही घेऊन द्या.