शहाजीराजांचा वारसा

राज्य मिळवणे कठीण असते. ते वारसांच्या हाती नीट सोपवणे त्याहून कठीण असते. शहाजीराजे भोसले यांच्या चरित्रातून ही गोष्ट स्पष्ट होते.

वेरूळचे मालोजीराजे भोसले हे त्यांचे वडील. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांच्या कन्या जिजाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शहाजीराजे प्रथम अहमदनगरच्या निजामशाहीत सरदार होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्यांचा पराक्रम दिसून आला. १६३३ साली मोगलांनी दौलताबाद जिंकून निजामशहाला कैद केले. तेव्हा शहाजीराजांनी त्याच घराण्यातील एका बालकास पेमगिरी किल्ल्यावर गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने कारभार चालवला. सैन्य व किल्ले राजांच्या हाती होते. तरी गादीवर राजवंशातील मूलच बसवावे लागले, कारण त्या काळी राज्याचा हक्क वंशाने ठरत असे. १६३६ साली माहुली किल्ल्यावर हा प्रयत्न संपुष्टात आला.

पुढे ते विजापूरच्या आदिलशाहीत दाखल झाले. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या कर्नाटक मोहिमेत केंपेगौडाचे बंगळूर, म्हणजे आजचे बंगळुरू, जिंकण्यात आले. पुढे ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. तेथील त्यांच्या दरबारात अनेक भाषांतील कवी व पंडितांना आश्रय होता.

बाल शिवाजीराजे काही काळ बंगळुरास राहिले. नंतर पित्याने त्यांना मातेसह पुण्याच्या जहागिरीवर पाठवले. तिकडे पुत्र किल्ले ताब्यात घेऊ लागला आणि इकडे १६४८ साली जिंजीजवळ शहाजीराजांना कैद झाली. पुढील वर्षी त्यांची सुटका झाली. थोरले पुत्र संभाजीराजे कनकगिरीच्या वेढ्यात कामी आले. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे.

बंगळूर तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्याकडे राहिले. पुढे त्यांनी तंजावर जिंकून तेथे राज्य स्थापन केले. इकडे १६७४ साली रायगडावर शिवाजीराजांचा राज्याभिषेक झाला. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत शिवाजी महाराजांनी धाकट्या भावाकडे पित्याच्या दौलतीतील अर्धा वाटा मागितला. पित्याच्या दौलतीवर सर्व पुत्रांचा हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. भेट होऊनही तोडगा निघाला नाही. व्यंकोजीराजे रात्री निघून गेले आणि त्याच वर्षी भावांच्या फौजा एकमेकींशी लढल्या. व्यंकोजीराजांच्या सैन्याचा पराभव झाला. तरीही महाराजांनी तंजावर घेतले नाही. अखेर तह झाला. बंगळूरचा प्रदेश महाराजांनी व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिला. भावाभावांतील तंट्याला असा घरगुती शेवट लाभला.

१६८७ साली बंगळूर भोसल्यांच्या हातून गेले व म्हैसूरच्या राज्यात सामील झाले. तंजावरची गादी मात्र पुढेही टिकली. १८५५ साली शेवटच्या राजाचे पुत्राविना निधन झाले, तेव्हा इंग्रजांनी ती खालसा केली. शहाजीराजे स्वतः कधी सिंहासनावर बसले नाहीत; परंतु त्यांच्या दोन पुत्रांनी दोन राज्ये उभारली. जहागिरीची वाटणी करता आली. पण एका सिंहासनाचे दोन वाटे होत नाहीत, याची जाण त्या दोघांनाही अखेर ठेवावी लागली.