शेतकरी बाबा आमटे

बाबा आमटे हे नाव आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? त्यांच्यावर निबंध लिहिला नाही असा विद्यार्थी चंद्रपूर-गडचिरोलीत शोधूनही सापडायचा नाही. मीही आठवीत असताना लिहिला होता. कुष्ठरुग्णांचे कैवारी, थोर कर्मयोगी, मॅगसेसे पुरस्काराचे मानकरी अशी सारी विशेषणे त्यात ओळीने बसवली होती आणि दहापैकी आठ गुणही मिळवले होते. पण त्या निबंधात शेत नव्हते, शेण नव्हते, खताचा खड्डा नव्हता. तो निबंध अर्धाच होता हे मला मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात कळले. उरलेला अर्धा लिहावा, म्हणून हा प्रपंच.

आमचे घर मूल तालुक्यातले, धानाचे. चार बांध्या, एक बोडी, दोन बैल, एक गाय. सकाळी उठून शेण काढायचे, गोवऱ्या थापायच्या आणि मग हात तीनतीनदा साबणाने धुऊन कॉलेजची बस पकडायची, हा माझा नित्यक्रम. बसमध्ये कोणी शेजारी बसले की मी हात ओढणीखाली लपवीत असे. खोटे कशाला सांगू! वाङ्‌मय मंडळात शेतकऱ्याच्या दुःखावर कविता वाचणारी मी, आपल्या हाताला शेणाचा वास येत नाही ना, याचीच चिंता मला अधिक असे. बाबा गेले ९ फेब्रुवारी २००८ रोजी. तेव्हा मी अंगणवाडीतही जात नव्हते. त्यामुळे मी त्यांना पाहिलेले नाही. जे लिहिते आहे ते वाचून, वडीलधाऱ्यांकडून ऐकून आणि त्यांनी तयार केलेल्या जमिनीवर आठ दिवस राबून.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला झाला. घराणे जमीनदारांचे. वरोऱ्याजवळ गोरजा येथे त्यांची मोठी शेती होती. शिक्षण नागपुरात, वकिलीची परीक्षा तिथलीच. तारुण्यात त्यांना शिकारीचा, मोटारीचा आणि इंग्रजी चित्रपटांचा भारी षौक. चित्रपटांची परीक्षणे ते लिहीत, आणि हॉलिवूडच्या नट्यांशी त्यांचा पत्रव्यवहारही होता म्हणतात. थोडक्यात, शेताचे मालक, पण शेतकरी नव्हेत! पुढे वरोऱ्याला वकिली सुरू झाली. बेचाळीसच्या लढ्यात पकडलेल्यांची वकीलपत्रे त्यांनी घेतली. गांधीजींचा आणि सेवाग्रामचा प्रभाव वाढत गेला तसा त्या वकिलीचाही वीट येऊ लागला.

त्यांच्या चरित्रातला एक प्रसंग चरित्रकार त्यागाच्या सदरात घालतात. मी तो शेतीच्या सदरात घालते. वरोरा नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांचे दुखणे समजून घ्यायचे तर ते काम करून पाहिले पाहिजे, असे त्यांनी ठरवले आणि सुमारे नऊ महिने गावातल्या संडासांतला मैला पाटीत भरून डोक्यावरून वाहिला. जमीनदाराचा मुलगा, वकील, नगरपालिकेचा पदाधिकारी! गावाने काय काय बोलून घेतले असेल याची कल्पना करावी. याच काळात एका पावसाळी संध्याकाळी तुळशीराम नावाचा, कुष्ठरोगाने अंग झडलेला, मरायला टेकलेला मनुष्य त्यांना गटारीच्या कडेला दिसला. ते घाबरून दूर पळाले. मग स्वतःच्या भीतीची लाज वाटून परत आले. पुढचा इतिहास आपण सर्वांनी निबंधात लिहिलाच आहे.

मैल्याच्या खताला आपल्या जुन्या लोकांनी सोनखत म्हटले आहे. ज्या गोष्टीला नाक मुरडायचे तिलाच सोने म्हणायचे, हे मराठी कुणब्याचे शहाणपण. कोकणात कणकवलीजवळ अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरीचा आश्रम काढून सफाई आणि सोनखत हेच आयुष्याचे काम केले. त्याआधी इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्याच शेतकऱ्यांची रीत अभ्यासून काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि राख यांपासून खत करण्याची पद्धत बसवली होती. १९३१ साली तिच्यावर त्याचे पुस्तकही निघाले. म्हणजे हवा या विचाराची होती. पण हा विचार डोक्यावर पाटी घेऊन शिकणारे थोडे.

१९४६ साली साधनाताईंशी लग्न झाले. १९४९ मध्ये कलकत्त्याला उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत जाऊन बाबा कुष्ठरोगाचे उपचार शिकून आले. सल्फोन औषधांमुळे हा रोग आता बरा होऊ लागला होता. पण बरे झालेल्या माणसाने जायचे कुठे? झडलेली बोटे पाहून घरचे दारात उभे करीत नसत. बाबांचे उत्तर शेती हे होते. सरकारकडून वरोऱ्याबाहेर पन्नास एकर जमीन मिळाली. जमीन कसली, खडक आणि झुडुपे, विंचू आणि साप! सहा रुग्ण, साधनाताई, दोन तान्ही मुले आणि एक लंगडी गाय एवढ्या भांडवलावर तिथे झोपडी पडली. जून १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्‌घाटन झाले.

इथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. शेती शिकवायची ती कोणाला? ज्यांच्या हाताला संवेदना नाही अशांना. कुष्ठरोगाने मज्जातंतू मेले की फावड्याचा दांडा हातात टोचतो हे कळत नाही, फोड येतो हे कळत नाही, रक्त येते तेही डोळ्यांना दिसल्यावरच कळते. अशा हातांनी विहीर खणायची, दगड वेचायचे, बांध घालायचे. त्यांतले कितीतरी जन्माने शेतकरीही नव्हते. मातीचेही तसेच. उथळ, निकस, पाणी न धरणारी. तिला कोणी कसेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. अशा जमिनीला खत लागते ते पोटभर, आणि विकत घ्यायला पैसे नाहीत. तेव्हा गोठ्यातले शेण, पालापाचोळा, स्वयंपाकघरातली टरफले, जे काही वाया जाईल ते मातीत गेले पाहिजे. आनंदवनात पुढे संडाससुद्धा गॅसच्या संयंत्राला जोडले गेले. त्यातून चुलीला गॅस मिळतो आणि उरलेली मळी शेतात जाते. नऊ महिने वाहिलेली ती पाटी अशी सार्थकी लागली.

दोनतीन वर्षांत भाजी पिकू लागली. पण वरोऱ्याच्या बाजारात ती घेणार कोण? कुष्ठरुग्णाच्या हातची भेंडी, कुष्ठरुग्णाच्या गोठ्यातले दूध! लोक हात लावीनात. मला वाटते, बाबांच्या आयुष्यातला हा खरा कसोटीचा काळ. जमीन जिंकली, रोग जिंकला, आणि एका टोपलीभर भाजीपाशी येऊन सारे अडले. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशीचे तरुण १९५४ मध्ये आनंदवनात येऊन राहिले, रुग्णांबरोबर विटा-माती वाहिली, दवाखान्याची इमारत उभी केली, तिथले अन्न खाल्ले. गोरे लोक खातात आणि त्यांना काही होत नाही हे पाहिल्यावर मग आमच्या लोकांची भीड चेपली. आपल्या माणसाने सांगितले तर पटत नाही, परक्याने खाऊन दाखवले की पटते. हा आपला स्वभाव अजूनही फारसा बदललेला नाही. असो.

पुढचा टप्पा मला सर्वांत विलक्षण वाटतो. ज्यांच्या हातची भाजी गाव घेत नव्हते, त्यांनीच गावाच्या मुलांसाठी महाविद्यालये बांधली. १९६४ मध्ये कला, वाणिज्य, विज्ञानाचे आणि १९६५ मध्ये आनंद निकेतन कृषी महाविद्यालय. शेतीची पदवी घ्यायला धडधाकट तरुण आनंदवनात येऊ लागले. मात्र बाबांचे तेवढ्यावर समाधान नव्हते. कृषी पदवीधर होऊन मुलगा शेतात न जाता कचेरीत जातो, हे त्यांनी पाहिले असणारच. (कला शाखेचे आम्ही तर तेवढाही मार्ग घेत नाही!) जो मुलगा चौथीत शाळा सोडतो, ज्याला उद्या खरोखर नांगर धरायचा आहे, त्याला शेती शिकवणारी शाळा कोठे आहे? या प्रश्नातून श्रमिक विद्यापीठाची कल्पना निघाली. पदवी नाही, परीक्षा नाही. हाताने काम करीत माती, पाणी, बियाणे, जनावरे यांची विद्या शिकायची आणि गावी परतायचे.

त्यासाठी १९६७ च्या सुमारास मूलजवळ सोमनाथची जमीन मिळाली, हजार एकरांहून अधिक. आमच्या भागातले लोक सोमनाथला धबधबा आणि महादेवाचे देऊळ पाहायला जातात. पलीकडे शेकडो बरे झालेल्या कुष्ठरुग्णांनी झाडझुडुपे काढून, तलाव धरून, बांध्या पाडून धान पिकवला. तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू झाली, ती अजूनही मे महिन्यात भरते. श्रमिक विद्यापीठ मात्र कल्पनेत होते तसे उभे राहिले नाही. चरित्रांतून ही गोष्ट एका वाक्यात आटोपतात. मला ती चुटपूट लावून गेली. ते विद्यापीठ झाले असते तर माझा भाऊ दहावी नापास झाल्यावर पुण्याच्या कंपनीत रखवालदार म्हणून गेला नसता कदाचित. आमच्याच जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी, तिसरी शिकलेल्या दादाजी खोब्रागड्यांनी ओंब्या निवडून निवडून एचएमटी हे धानाचे वाण तयार केले. ते एकट्याने केले, आणि २०१८ मध्ये ते गेले तेव्हा त्यांची ओढगस्त संपलेली नव्हती. अशा माणसांना एकत्र बसायला एक जागा असती तर!

गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. त्याआधी सारा चांदाच होता. भामरागडच्या जंगलात हेमलकशाला २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश आमटे तिथे जाऊन राहिले. दवाखाना सर्वांना माहीत आहे. पण माडिया मुलांच्या शाळेत भाजीपाला आणि फळझाडे लावायला शिकवणे, अहेरीकडे नागेपल्लीला शेती उभी करणे, हेही त्याच झाडाचे फाटे. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांना १९८० च्या दशकात बाबांनी विरोध केला तोही याच माणसांच्या जमिनीसाठी आणि जंगलासाठी. तोवर पाठीच्या मणक्यांनी त्यांना पुरते जेरीस आणले होते. बसता येत नसे. उभे राहायचे किंवा आडवे पडायचे. अशा अवस्थेत त्यांनी १९८५ मध्ये भारत जोडो यात्रा काढली आणि १९९० पासून कितीतरी वर्षे नर्मदेकाठी काढली.

बाबांना मी सेंद्रिय शेतीचे आद्य प्रवर्तक वगैरे म्हणणार नाही. तो शब्दही तेव्हा रूढ नव्हता, आणि ते प्रथम माणसांचे होते, मग पिकांचे. पण टाकून दिलेले काही नसते, माणूसही नाही आणि काडीही नाही, हे त्यांना ज्या हिशेबाने कळले तो हिशेब शेतकऱ्याचा होता.

आता माझ्या आठ दिवसांविषयी. मागच्या वर्षी मे महिन्यात मी सोमनाथच्या छावणीत गेले, खरे म्हणजे मैत्रिणीच्या आग्रहाने. पहाटे श्रमदान, दुपारी व्याख्याने. चौथ्या दिवशी माझ्या शेजारी बोटे नसलेले एक आजोबा पाटीत खत भरून देत होते. दोन्ही तळहातांच्या मध्ये फावडे दाबून, अगदी लयीत. खत काळेभोर, हाताला मऊ, आणि त्याला वास येत होता तो पहिल्या पावसातल्या मातीचा. शेणाचा मुळीच नाही. त्या दिवशी मी हात लपवले नाहीत एवढेच सांगते.

घरी येऊन वडिलांपाशी विषय काढला. आमच्याकडे हार्वेस्टर आल्यापासून तणस बांधीतच पसरून राहते आणि त्याला काडी लावतात. त्यातला नत्र धुरात जातो. शेण जाते चुलीत, आणि मग युरियासाठी उन्हात रांग. आईचे म्हणणे, गोवऱ्या थापल्या नाहीत तर पाणी कशावर तापवायचे, सिलिंडरला पैसे तू देणार का? याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. गोबरगॅसला दोनतीन जनावरे पुरत नाहीत असे वडिलांचे मत. पुसदच्या नाडेपकाकांच्या पद्धतीचे टाके बांधायचे तर विटा हव्यात. अखेर तडजोड झाली. निम्मे शेण गोवऱ्यांना, निम्मे मला. नोव्हेंबरात कापणी झाल्यावर मी आणि आजीने धुऱ्याजवळ दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा केला. तणसाचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती, पुन्हा तणस. नुसते तणस कुजता कुजत नाही, त्याला शेणाची आणि मूत्राची जोड लागते. वर माती लिंपून टाकली. जानेवारीत उकरून पाहिले तर तणस जसेच्या तसे! पाणी कमी पडले होते. बोडीतून घागरी आणून ओतल्या. गावात थट्टा झाली, बी. ए. करणारी पोर उकिरडा राखते म्हणून.

बाबांच्या देहाला अग्नी दिला नाही. त्यांच्या इच्छेप्रमाणे तो आनंदवनाच्या मातीतच पुरला आणि वर झाड लावले. ही गोष्ट मी आजीला सांगितली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी खड्ड्यावर पाणी मात्र तिनेच नेऊन ओतले.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात खड्डा उघडला. गाडीभर निघाले. सारे काळे झाले नव्हते, कोपऱ्यात थोडे कच्चे होते. वडिलांनी ते पऱ्ह्यांच्या वाफ्यात आणि बोडीकडच्या एका बांधीत टाकले. बाकीच्या तीन बांध्यांना नेहमीसारखा युरिया दिला. सध्या चारही बांध्यांतला धान निसवला आहे. कापणी व्हायची आहे.