सर आर्थर कॉटन

यवतमाळ जिल्ह्यातील राजूरच्या पूर्वेकडून वर्धा नदी वाहते. तिचे पाणी प्राणहितेतून गोदावरीस मिळते. हा जलमार्ग नौकांस खुला करून वऱ्हाडचा कापूस समुद्रापर्यंत न्यावा, अशी आकांक्षा सर आर्थर कॉटन या इंग्रज स्थापत्यविशारदाने बाळगली होती.

कॉटन यांचा जन्म १८०३ साली झाला. तरुणपणीच ते मद्रास इलाख्यात आले. कावेरीचे पाणी कोळिडम शाखेत वाहून जाई व तंजावरची शेती सुके. १८३६ साली त्यांनी बंधारा घालून कावेरीचा प्रवाह पूर्ववत केला. पुढे दुष्काळाने पोळलेल्या गोदावरीच्या मुखप्रदेशासाठी त्यांनी धवळेश्वरम येथे १८४७ ते १८५२ या काळात प्रचंड बंधारा उभारला. त्याच्या कालव्यांनी शेते भिजली आणि त्यांतून नावाही चालू लागल्या.

वरच्या गोदावरीतील खडकांचे तीन अडसर मात्र हटले नाहीत. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोचली आणि १८७१ साली ते काम सोडून देण्यात आले. तरीही कॉटन यांनी जलमार्गांचा पुरस्कार सोडला नाही. १८९९ साली त्यांचे निधन झाले. वऱ्हाडचा कापूस त्या वाटेने गेला नाही. परंतु गोदावरीकाठचा शेतकरी आजही त्यांचे नाव कृतज्ञतेने घेतो.